प्लाझ्मॉनिक नॅनोअँटेनाचं मॉडेल कसं उभं करायचं: कागदावरच्या गोळ्यापासून फटीतल्या रेणूपर्यंत

सोन्याच्या दोन पट्ट्या, मधे दहा नॅनोमीटरची फट आणि फटीत लालभडक ठिपका. या विषयावरच्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात असं एक चित्र असतंच. आज ते काढायला एक दुपार पुरते. पण शेजारच्या रंगपट्टीवर छापलेला आकडा, म्हणजे फटीत प्रकाशाची तीव्रता किती पट झाली तो, ३०० असायला हवा की ३०,०००, हे छातीठोकपणे सांगायला कितीतरी जास्त वेळ लागतो. हा लेख त्या आकड्याबद्दल आहे.

तुम्ही मॅक्सवेलची समीकरणं शिकला आहात, संमिश्र संख्यांची भीती वाटत नाही आणि थोडंफार पायथन येतं, असं धरून चालतो. माझा आग्रह एकच: सॉफ्टवेअर उघडण्याआधी उत्तराचा ढोबळ आकडा वहीत लिहिलेला असला पाहिजे. तो नसेल, तर स्क्रीनवर येईल ते खरंच वाटतं. म्हणून लेखाचा बराचसा भाग कॅल्क्युलेटरवर जाणार आहे.

आधी ठरवा, मोजायचंय काय

अँटेना दूरवरून आलेल्या लहरीची ऊर्जा एका छोट्या जागेत आणते किंवा छोट्या जागेतली ऊर्जा दूर पाठवते. प्रकाशाच्या बाबतीत ही छोटी जागा तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी असू शकते. पण ‘मला नॅनोअँटेना मॉडेल करायचीय’ एवढ्यावर काम सुरू करू नका. दूरवर दिसणारा वर्णपट हवाय, फटीतल्या एका बिंदूवरचं विद्युतक्षेत्र हवंय, फटीत ठेवलेल्या रेणूचा उत्सर्जनाचा वेग हवाय, की अँटेना किती तापते ते? या चार प्रश्नांना लागणारी जाळी (गणितासाठी जागेचे केलेले छोटे तुकडे), सीमा आणि संगणकाचा वेळ वेगवेगळा असतो. वर्णपटासाठी दोन नॅनोमीटरची जाळी अनेकदा चालून जाते. फटीतल्या क्षेत्रासाठी ती बिनकामाची असते.

रेडिओ अँटेनाचं ज्ञान इथे अर्धंच उपयोगी पडतं. रेडिओसाठी तांबं म्हणजे जवळजवळ आदर्श वाहक असतं, क्षेत्र आत शिरतच नाही. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश मात्र सोन्यात सुमारे २६ नॅनोमीटर आत जातो. अँटेनाची जाडीच तीस-चाळीस नॅनोमीटर असते, म्हणजे क्षेत्र तिच्या आरपार पोचलेलं असतं. आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डुलतात (या डुलण्यालाच प्लाझ्मॉन म्हणतात), पण थोडे मागे पडून. या मागे पडण्यामुळे धातूवरून धावणाऱ्या लहरीची लांबी आखडते आणि ‘अर्ध्या तरंगलांबीची दांडी’ हा जुना नियम तसाच्या तसा लागू पडत नाही.

धातूचा डेटा: बहुतेक चुका इथेच होतात

धातूबद्दलची सगळी माहिती एका संमिश्र संख्येत असते, तिला पर्मिटिव्हिटी म्हणतात. तिचा वास्तव भाग अनुनाद कुठे येणार ते ठरवतो, तर कल्पित भाग तो किती तीव्र आणि किती रुंद असणार ते. पॉल ड्रूड यांचं १९०० सालचं मुक्त इलेक्ट्रॉनांचं मॉडेल अजून वापरात आहे, कारण त्याला तीनच आकडे लागतात. सोन्यासाठी पार्श्वभूमीची पर्मिटिव्हिटी ९.५, प्लाझ्मा ऊर्जा ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि अवमंदन ०.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट घ्या. फोटॉनच्या ऊर्जेवर पर्मिटिव्हिटीचा वास्तव भाग जवळजवळ असा मिळतो:

९.५ − (९ × ९) ÷ (ऊर्जेचा वर्ग)

आता हे मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहू. जॉन्सन आणि क्रिस्टी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली तक्ती या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. १.७६ इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे सुमारे ७०५ नॅनोमीटरला, तक्ती सांगते वास्तव भाग −१६.८ आणि कल्पित १.०७. ड्रूड सांगतो −१६.६ आणि १.०४. झकास. मग २.३८ इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे ५२१ नॅनोमीटरला, या. तक्तीत −३.९५ आणि २.५८ आहे, ड्रूडकडून येतं −४.८ आणि ०.४२. वास्तव भाग कसाबसा जुळला, पण कल्पित भाग सहापट कमी पडला. कारण हिरव्या प्रकाशाच्या आसपास सोन्यातले खालच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉनही प्रकाश गिळायला लागतात, आणि ड्रूडच्या मॉडेलमध्ये ते इलेक्ट्रॉनच नाहीत. सोन्याचा पिवळेपणाही त्यातूनच येतो.

तेव्हा साधारण ६५० नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्ताकडे काम असेल तर एकटा ड्रूड पुरेसा आहे. त्याच्या अलीकडे असेल तर त्यात एक-दोन लोरेंट्झ पदं (बांधलेल्या इलेक्ट्रॉनांना स्प्रिंगसारखं वागवणारी पदं) मिळवा किंवा तक्तीच वापरा. चांदीत ही अडचण अतिनील भागापर्यंत येत नाही, म्हणून कागदावर चांदी नेहमी सरस दिसते. प्रयोगशाळेत ती काळवंडते, तो भाग वेगळा.

इथेच एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलोय. पुस्तकं दोन प्रकारची असतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत काळाचा घातांक ऋण चिन्हाने लिहितात आणि शोषणाऱ्या पदार्थाचा कल्पित भाग धन येतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत नेमकं उलट असतं. मी एकाची तक्ती दुसऱ्याच्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घातली आणि शोषण उणे आलं. सोन्याचा कण प्रकाश शोषण्याऐवजी बाहेर सोडत होता! मी चार दिवस जाळीला दोष देत होतो. आता नवं मॉडेल सुरू करताना मी पहिली ओळ लिहितो ती हीच: शोषण धन आहे का तपासा. दुसरा खड्डा याच्याच शेजारी आहे. तक्तीत बहुधा अपवर्तनांक आणि त्याचा कल्पित जोडीदार दिलेला असतो, पर्मिटिव्हिटी नसते. पर्मिटिव्हिटी मिळवायला त्या संमिश्र अपवर्तनांकाचा वर्ग करावा लागतो.

गोळा, हाताने

तरंगलांबीच्या मानाने कण खूप लहान असेल तर कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षेत्र एकसारखंच आहे असं धरता येतं. याला क्वासिस्टॅटिक मर्यादा म्हणतात. गोळ्याची ध्रुवणक्षमता मग शालेय वाटावी इतकी सोपी होते:

ध्रुवणक्षमता = ४ पाय × त्रिज्येचा घन × (धातू − माध्यम) ÷ (धातू + २ × माध्यम)

‘धातू’ आणि ‘माध्यम’ म्हणजे त्यांच्या पर्मिटिव्हिटी. धातूचा वास्तव भाग माध्यमाच्या उणे दुपटीला पोचला की छेद लहान होतो. अनुनाद तो हाच.

पाण्यातला २० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा गोळा घेऊ. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे पर्मिटिव्हिटी १.७७ आणि तिची दुप्पट ३.५४. सोनं −३.५ ते −४ च्या आसपास येतं ते ५२० नॅनोमीटरला. सोन्याचं कोलॉइड लाल का दिसतं, याचं उत्तर या एका ओळीत आहे. आता आकडे घाला. अंशात −५.७२ आणि कल्पित २.५८ येतं, छेदात −०.४१ आणि कल्पित २.५८. भागाकार केला की १.३२ आणि कल्पित २.०१.

शोषणाचा काटछेद, म्हणजे कण जेवढ्या क्षेत्रफळावरचा प्रकाश गिळतो ते क्षेत्रफळ, येतो तरंगसंख्या गुणिले ध्रुवणक्षमतेचा कल्पित भाग. पाण्यातली तरंगसंख्या ०.०१६१ प्रति नॅनोमीटर आहे, म्हणून शोषण सुमारे ४०५ चौरस नॅनोमीटर. गोळ्याची स्वतःची सावली ३१४ चौरस नॅनोमीटरची, म्हणजे कण आपल्या सावलीपेक्षा जास्त प्रकाश गिळतोय. विकिरणाचा, म्हणजे इतरत्र विखुरलेल्या प्रकाशाचा, काटछेद तरंगसंख्येच्या चौथ्या घाताला ध्रुवणक्षमतेच्या वर्गाने गुणून ६ पायने भागला की मिळतो. तो येतो जेमतेम ३.२. शोषण त्रिज्येच्या घनाने वाढतं आणि विकिरण सहाव्या घाताने, म्हणून २० नॅनोमीटरचा गोळा मुख्यतः तापतो आणि ८० नॅनोमीटरचा चांगलाच चमकतो. हे समजायला कसलंही सॉफ्टवेअर लागलं नाही.

गोळ्याच्या ध्रुवावर क्षेत्र किती पट वाढतं? १ अधिक २ गुणिले तोच भागाकार, त्याचं परिमाण ५.४. तीव्रता म्हणजे त्याचा वर्ग, सुमारे २९. ‘क्षेत्र’ की ‘तीव्रता’, हे आकड्यापुढे दरवेळी लिहा. रामन विकिरणाची (रेणूवरून रंग बदलून विखुरणाऱ्या प्रकाशाची) वाढ साधारण क्षेत्राच्या चौथ्या घाताने मोजतात, त्यामुळे एकाच आकृतीला ५.४, २९ आणि साडेआठशे असे तीन आकडे लावता येतात आणि तिन्ही बरोबर असतात.

गोळा ओढून लांब करा

रिचर्ड गान्स यांनी १९१२ साली हेच गणित लंबगोलासाठी केलं. फरक इतकाच की गोळ्यातल्या एक तृतीयांश या आकड्याच्या (मघाच्या सूत्रातला २ म्हणजे दोन तृतीयांश भागिले एक तृतीयांश) जागी आकारावर अवलंबून असणारा एक गुणांक येतो. तीन अक्षांचे तीन गुणांक, तिघांची बेरीज १. लांबी रुंदीच्या तिप्पट असेल तर लांब अक्षाचा गुणांक ०.१०९ येतो आणि अनुनादाची अट अशी होते:

धातू = −माध्यम × (१ − गुणांक) ÷ गुणांक = −१.७७ × ८.२ = −१४.५

सोन्याच्या तक्तीत −१४.५ सापडतं सुमारे ६७० नॅनोमीटरला. फक्त आकार बदलला आणि अनुनाद हिरव्यातून लालमध्ये सरकला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे कल्पित भाग २.५८ वरून साधारण १.०४ वर आला. टोकावरची क्षेत्रवाढ म्हणजे धातूचं परिमाण भागिले (गुणांक × कल्पित भाग), म्हणजे १४.५ ÷ ०.११३ = जवळजवळ १२९. तीव्रता साडेसोळा हजार पट. गोळ्याच्या २९ शी तुलना करा, मग लांबट अँटेनांचं एवढं कौतुक का ते कळेल.

पण १२९ हा आकडा कागदावरचा आहे. त्यात कणाने स्वतः प्रकाश फेकल्यामुळे होणारं नुकसान धरलेलं नाही. ते धरायला ध्रुवणक्षमतेला (१ − आय × तरंगसंख्येचा घन × ध्रुवणक्षमता ÷ ६ पाय) ने भागायचं, यात आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. आपल्या लंबगोलासाठी हे पद आकारमानाच्या प्रमाणात वाढतं आणि सुमारे ६८,००० घन नॅनोमीटरला १ होतं. म्हणजे लांबी १०५ आणि रुंदी ३५ नॅनोमीटर. या मापाला प्रारणात जाणारी ऊर्जा आणि धातूत जळणारी ऊर्जा सारखी होते आणि टोकावरचं क्षेत्र निम्म्यावर येतं. अँटेना म्हणून हाच सर्वांत गमतीचा टापू आहे. याहून लहान कण उष्णता फार करतो, याहून मोठा प्रकाश फार सांडतो.

आणखी एक आकडा वहीत लिहा. क्वासिस्टॅटिक मर्यादेत अनुनादाचा गुणवत्तांक (तो किती धारदार आहे त्याचं माप) आकारावर अवलंबून नसतो, फक्त धातूवर असतो, हे वांग आणि शेन यांनी २००६ साली दाखवलं. सूत्र असं: वारंवारता × वास्तव भागाचा उतार ÷ (२ × कल्पित भाग). ७०५ नॅनोमीटरला सोन्यासाठी ते सुमारे २४ येतं, आणि प्रारणामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. एकट्या सोन्याच्या कणाचं सिम्युलेशन या तरंगलांबीला १०० चा गुणवत्तांक दाखवत असेल तर पेपर लिहायला घेऊ नका, धातूची फाइल उघडा.

मोठा कण, लांब दांडी

गोळ्यासाठी अंदाजाची गरजच नाही. गुस्ताव मी यांनी १९०८ साली कोणत्याही आकाराच्या गोळ्याचं पूर्ण उत्तर दिलं. (‘मी यांनी गोळ्याचं गणित सोडवलं’ हे वाक्य मराठीत वर्गात म्हणून बघा, कोणीतरी हसतंच.) हे उत्तर अनंत श्रेणीच्या रूपात आहे, पण शंभर नॅनोमीटरच्या कणासाठी सात-आठ पदं पुरतात. पायथनमध्ये ते पन्नास ओळींत बसतं. स्वतः एकदा लिहा. पुढे प्रत्येक सॉल्व्हरची परीक्षा त्याच्याच समोर घ्यायची आहे.

लांब दांडीसाठी दुसरी युक्ती आहे. दांडी म्हणजे दोन आरसे असलेली नळी समजा. लहर एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते, परतते, आणि अर्धी प्रभावी तरंगलांबी दांडीत बसली की अनुनाद येतो. ही प्रभावी तरंगलांबी बाहेरच्या तरंगलांबीशी सरळ रेषेत बदलते, असं लुकास नोवोत्नी यांनी २००७ साली दाखवलं. दांडी जितकी बारीक तितकी ती जास्त आखडते. टोकांवर लहर थोडी बाहेर झुकते, म्हणून लांबीत दोन्हीकडे साधारण त्रिज्येइतकी भर घालावी लागते. अमुक अनुनादासाठी किती लांबी घ्यायची याचा पहिला अंदाज इथून काढा, मग सॉल्व्हरला त्या भोवतीच्या चार-पाच लांब्याच तपासायला लावा. आंधळेपणाने पन्नास लांब्यांचा स्वीप चालवणाऱ्यांचा मला राग नाही, पण त्यांच्या संगणकाची दया येते.

कोणती पद्धत निवडायची

सगळं सगळ्यांनी होतं, पण सारख्याच कष्टात नाही.

एफडीटीडी (फायनाइट डिफरन्स टाइम डोमेन) ही केन यी यांची १९६६ सालची पद्धत. चौकोनी जाळी, काळ पुढे ढकलत जायचं, एका पल्समधून सगळा वर्णपट मिळतो. मीप मोफत आहे, ल्युमेरिकल विकत. वक्र पृष्ठभागाच्या चौकोनी जाळीवर पायऱ्या होतात आणि धातूच्या पायऱ्यांवर खोटे तेजस्वी ठिपके उगवतात, ही तिची मोठी खोट.

फायनाइट एलिमेंट, म्हणजे कॉमसॉलसारखी सॉफ्टवेअर, चतुष्फलकांची जाळी वक्रतेला बिलगवते. छोटी फट आणि मोठं आवरण एकत्र असेल तर मी हीच घेतो. दर तरंगलांबीला वेगळं गणित करावं लागतं, पण तक्तीतला डेटा जसाच्या तसा वापरता येतो. बाउंडरी एलिमेंटमध्ये जाळी फक्त पृष्ठभागावर असते. एमएनपीबीईएम हा तिचा मोफत संच, आणि एकटा-दुकटा कण एकसंध माध्यमात असेल तर तिच्याइतकं हलकं काहीच नाही. डिस्क्रीट डायपोल म्हणजे कणाचे हजारो छोट्या द्विध्रुवांत तुकडे करायचे. पर्सेल आणि पेनीपॅकर यांनी १९७३ साली आंतरतारकीय धुळीसाठी ती आणली. अवरक्तातल्या सोन्यासारखा पदार्थ आला की मात्र ती अडखळते.

एफडीटीडीचं एक पूर्ण मॉडेल

बहुतेकजण इथूनच सुरुवात करतात, म्हणून हे जरा सावकाश बघू.

पहिल्या दिवशी अँटेना काढू नका. ८० नॅनोमीटरचा सोन्याचा गोळा काढा आणि मघाच्या मी-श्रेणीशी जुळवा. शिखराची जागा पाचेक नॅनोमीटरच्या आत आणि उंची पाच टक्क्यांच्या आत आली की तुमची जाळी, धातूचं फिटिंग, स्रोत आणि मोजपट्ट्या एकाच झटक्यात पास. जुळलं नाही तर दोष कुठे आहे ते गोळ्यावर शोधणं सोपं असतं.

मग खर्चाचा हिशोब. ५०० नॅनोमीटरचा घन, जाळी १ नॅनोमीटर: साडेबारा कोटी पेट्या. प्रत्येकीत क्षेत्राचे सहा घटक, प्रत्येकी ८ बाइट. झाले ६ गिगाबाइट, आणि धातूचं ध्रुवण लक्षात ठेवायला लागणारी जागा वेगळी. काळाची पायरी पेटीच्या रुंदीला प्रकाशाच्या वेगाने आणि तीनच्या वर्गमुळाने भागल्यावर येते त्याहून मोठी घेता येत नाही. इथे ती ०.००१९ फेमटोसेकंद पडते, म्हणजे १०० फेमटोसेकंदांसाठी ५२,००० पायऱ्या. जाळी निम्मी केली की मेमरी आठपट आणि वेळ सोळापट. म्हणून बारीक जाळी फक्त फटीभोवती आणि टोकांभोवती ठेवा. आणि सममिती वापरा. दांडीच्या दिशेने ध्रुवित प्रकाश सरळ पडत असेल तर दोन आरसे लावून चौथा हिस्सा सोडवला की पुरतं. आरशांचे प्रकार मात्र वेगळे असतात. ध्रुवणाला काटकोनात असलेला आरसा विद्युत प्रकारचा, समांतर असलेला चुंबकीय. उलटे लावले तर अँटेना गप्प बसते, कुठलाही एरर येत नाही.

किती वेळ चालवायचं? ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदीच्या प्लाझ्मॉनचं आयुष्य सहा-सात फेमटोसेकंद असतं. एकट्या दांडीला १०० फेमटोसेकंद भरपूर झाले. वर्णपटात बारीक लाटा दिसल्या तर दोनच संशयित: सिम्युलेशन लवकर तोडलंय किंवा सीमेवरून प्रकाश परततोय.

सीमेवर शोषक थर लावतात, पीएमएल. बेरांझे यांनी १९९४ साली तो आणला आणि त्याआधीच्या सगळ्या खटपटी जवळजवळ संपल्या. तो अँटेनापासून निदान अर्धी तरंगलांबी लांब ठेवा. जवळ आणलात तर अँटेनाला चिकटून असलेलं, कुठेही न जाणारं क्षेत्रही तो खाऊन टाकतो आणि शोषण फुगतं. काचेचा आधार असेल तर काच थराच्या आतपर्यंत न्या. काच थराच्या तोंडाशी संपली तर तिथे एक नवी कड तयार होते.

विकिरण मोजायला कणाभोवती बंद डबा आखा. एकूण क्षेत्रातून आपाती क्षेत्र वजा केल्यावर बाहेर जाणारा ओघ म्हणजे विकिरण, एकूण क्षेत्राचा आत येणारा निव्वळ ओघ म्हणजे शोषण. मीपमध्ये याचा सरळ मार्ग दोनदा चालवण्याचा आहे: एकदा रिकाम्या जागेत, एकदा अँटेनासकट. पहिल्या फेरीचं क्षेत्र दुसरीतून वजा करायचं. नंतर शोषण दुसऱ्या वाटेनेही काढा, धातूच्या आकारमानात जळणाऱ्या ऊर्जेची बेरीज करून. दोन्ही आकडे एक-दोन टक्क्यांत जुळले पाहिजेत. दहा टक्के फरक असेल तर जाळी जाड आहे, त्यावर चर्चा नको.

टोक किती टोकदार?

बो-टाय अँटेनाचे (मधे फट ठेवून टोकासमोर टोक आलेले) दोन त्रिकोण काढताना हात आपोआप सुईसारखं टोक काढतो. गणितातल्या अशा टोकावर क्षेत्राला मर्यादाच नसते. जाळी जितकी बारीक कराल तितका मोठा आकडा येईल, कधीच थांबणार नाही. ‘सर्वाधिक क्षेत्रवाढ १,२००’ असं वाचलं की पहिला प्रश्न: टोकाची गोलाई किती धरली होती? प्रत्यक्षात कोरलेल्या सोन्याची टोकं पाच-दहा नॅनोमीटर त्रिज्येने गोल झालेली असतात, तेवढी मॉडेलमध्ये द्या. आणि सर्वाधिक क्षेत्र देऊच नका. फटीच्या मधोमध किंवा रेणू जिथे बसणार त्या बिंदूवरचं क्षेत्र द्या. जाळी २, १ आणि ०.५ नॅनोमीटर घेऊन तोच बिंदू तीनदा मोजा. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक हीच तुमची त्रुटी, ती आकड्याशेजारी लिहा.

काचेचा आधार अनुनादाला लाल बाजूकडे ओढतो. झटपट अंदाजासाठी हवा आणि काच यांच्या पर्मिटिव्हिटीची सरासरी माध्यम म्हणून घेतली तर चालतं. सोनं काचेला चिकटावं म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर देतात. तो विसरलात तर मॉडेलची रेषा प्रयोगापेक्षा हमखास अरुंद येते.

फटीतला रेणू

चमकणारा रेणू म्हणजे एक बिंदू-द्विध्रुव. अँटेनाजवळ त्याचा एकूण उत्सर्जनवेग किती पटीने वाढतो, हे त्याच द्विध्रुवाने मोकळ्या माध्यमात आणि अँटेनाजवळ सोडलेल्या शक्तींच्या गुणोत्तरावरून मिळतं. परिसर बदलला की उत्सर्जनाचा वेग बदलतो, ही एडवर्ड पर्सेल यांची १९४६ सालची कल्पना. मात्र पोकळीसाठीचं त्यांचं आकारमानाचं सूत्र गळक्या धातूला जसंच्या तसं लावू नका. शक्तीचं गुणोत्तर थेट मोजा.

ही शक्ती दोन वाटांनी जाते. द्विध्रुव आणि अँटेना दोन्ही घेरणाऱ्या मोठ्या डब्यातून बाहेर पडते ती उपयोगाची, धातूत जळते ती वाया. धातूच्या अगदी जवळ, पाच नॅनोमीटरच्या आत, वाया जाणारा हिस्सा अंतराच्या घनाच्या व्यस्तात वाढतो आणि चमक कोसळते. २००६ साली सोन्याचा एकच गोळा एकाच रेणूजवळ हळूहळू आणून ही चढ-उतार प्रत्यक्ष मोजली गेली. मॉडेलमध्ये द्विध्रुव आणि धातू यांच्यात निदान पाच-सहा पेट्या असू द्या. नाहीतर मोजाल ती पेटीची भूमिती.

चमकवाढ म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार: द्विध्रुवाच्या दिशेने क्षेत्राच्या तीव्रतेची वाढ, आणि क्वांटम कार्यक्षमतेतली (शोषलेल्या फोटॉनांपैकी किती प्रकाश म्हणून बाहेर येतात त्यातली) वाढ. दुसऱ्या आकड्याला छत आहे. रेणूची मूळ कार्यक्षमता २.५ टक्के असेल तर ती फार तर ४० पट होईल, ९० टक्के असेल तर वाढायला जागाच नाही. २००९ साली सोन्याच्या बो-टायमध्ये एका रेणूची चमक १,३४० पट वाढल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा रंगद्रव्यही मुद्दाम मंद निवडलेलं होतं. उत्तम रेणूवर हजार पट चमकवाढीचा दावा दिसला, तर ती उत्तेजनाच्या बाजूने आलीय का ते पहा.

एक सुंदर तपासणी फुकट मिळते. परस्परतेच्या नियमाने, एखाद्या दिशेने आलेली लहर द्विध्रुवाच्या जागी जितकं क्षेत्र वाढवते, तितकाच त्या दिशेने जाणारा द्विध्रुवाचा प्रकाशही वाढतो. दोन्ही सिम्युलेशनं करून पहा. जुळली नाहीत तर स्रोताच्या प्रमाणीकरणात गोंधळ आहे.

एवढी छोटी फट की सोनं सोनं राहत नाही

आतापर्यंत धरलं की प्रत्येक बिंदूवरचा धातू फक्त त्या बिंदूवरच्या क्षेत्राला उत्तर देतो आणि मोठ्या तुकड्याची तक्ती छोट्या कणालाही लागू होते. दोन्ही गृहीतकं कधीतरी मोडतात.

आधी कणाचा आकार. सोन्यातले इलेक्ट्रॉन सेकंदाला १.४ × १० लाख मीटर वेगाने धावतात. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणात ते सारखे भिंतीवर आपटतात आणि त्यामुळे अवमंदनात वेग भागिले त्रिज्या या प्रमाणात भर पडते. ऊर्जेत मोजली तर सुमारे ०.०९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे मूळ ०.०७ पेक्षाही जास्त. पुढे एक गुणांक असतो, तो १ च्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. म्हणजे आपल्या २० नॅनोमीटरच्या गोळ्याचं ४०५ हे उत्तरही थोडं उदार होतं.

मग फट. दोन-तीन नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर पृष्ठभागावरचा विद्युतभार शून्य जाडीचा नसतो, हे जाणवायला लागतं. इथे इलेक्ट्रॉनांना द्रवासारखं वागवणारं हायड्रोडायनॅमिक मॉडेल लावतात, आणि क्षेत्रवाढ साध्या मॉडेलपेक्षा कमी भरते. अर्ध्या नॅनोमीटरच्या खाली इलेक्ट्रॉन फट ओलांडून पलीकडे झिरपतात. साधं मॉडेल तिथे फट जितकी बारीक तितकं क्षेत्र मोठं असं सांगत राहतं, प्रत्यक्षात फट वाहकच बनायला लागते आणि क्षेत्र कोसळतं. २०१२ साली हे प्रयोगातही दिसलं आणि त्याच वर्षी क्वांटम-सुधारित मॉडेलही आलं, ज्यात फटीत अंतरानुसार बदलणारा खोटा वाहक पदार्थ भरतात. जुन्या सॉल्व्हरमध्ये ही युक्ती बसते, म्हणून ती लोकप्रिय झाली. पाच नॅनोमीटरच्या फटीसाठी यातलं काहीही करू नका, वेळ जाईल.

प्रयोगाची रेषा समोर आली की

मॉडेल आणि मोजमाप पहिल्याच दिवशी जुळले तर मला थोडा संशय येतो. न जुळल्यास मी ठरावीक क्रमाने जातो. शिखर सरकलेलं असेल तर आधी भूमिती: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातून खरी लांबी, जाडी आणि टोकाची गोलाई काढून ती मॉडेलमध्ये घाला. आराखड्यातली मापं वापरू नका. दहा नॅनोमीटरची लांबीतली चूक शिखराला वीस-तीस नॅनोमीटर हलवू शकते. मग आधाराचा अपवर्तनांक आणि वर पाणी किंवा प्रदूषणाचा पातळ थर आहे का ते. रेषा रुंद असेल तर चिकटथर, सोन्यातल्या कणसीमांमुळे वाढलेलं अवमंदन, आणि मोजमाप अनेक अँटेनांची सरासरी आहे का ते पहा. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा खरं निघतं. हजार अँटेनांच्या लांब्यांत पाच नॅनोमीटरचा विखुर असेल तर वीस वेगवेगळ्या लांब्यांचे वर्णपट त्या प्रमाणात मिसळून तुलना करा. आणि जवळच्या क्षेत्राचं शिखर दूरवरच्या वर्णपटाच्या शिखरापेक्षा किंचित लाल बाजूला असतं, हे लक्षात ठेवा. अवमंदन असलेल्या कुठल्याही दोलकात विस्थापनाचं आणि ऊर्जाशोषणाचं शिखर एका जागी येत नाही. रामनचा प्रयोग विकिरणाच्या शिखरावर लेझर लावून करत असाल, तर लेझर दहा-वीस नॅनोमीटर लालकडे सरकवून एकदा मोजून बघा.